क्रायोस्टॅटमधला छोटा सेन्सर नीट गार कसा करायचा

तापमान मोजणारा सेन्सर क्रायोस्टॅटच्या (आतल्या वस्तू व्हॅक्यूममध्ये खूप थंड ठेवणाऱ्या भांड्याच्या) कॉपर ब्लॉकमध्ये बसवला, ग्रीस लावलं, तरी रीडिंग ब्लॉकपेक्षा वरच राहतंय, अशा वेळी लगेच कॅलिब्रेशनवर शंका घेतली जाते, पण आधी वायरी बघा. सेन्सर एवढुसा असतो आणि त्याच्या चार वायरी थेट रूम टेंपरेचरपर्यंत गेलेल्या असतात, त्या बाहेरची उष्णता आत आणून सेन्सरमध्ये ओततात, आणि व्हॅक्यूममध्ये वाटेत त्यांना गार करायला हवाही नसते.

म्हणून कॉपरची वायर नकोच. बारीक फॉस्फर ब्रॉंझ किंवा मँगॅनिन या मिश्रधातूंची घ्या. रूम टेंपरेचरला कॉपरची उष्णतावाहकता जवळपास ४०० वॅट प्रति मीटर केल्विन, मँगॅनिनची साधारण २२, म्हणजे फरक कळला. वायरचा रेझिस्टन्स वाढेल ही भीती सोडा, दोन वायरींतून करंट आणि दोनवर व्होल्टेज अशी फोर-वायर जोडणी केली की तो मोजमापात येतच नाही.

आता खरं काम अँकरिंगचं, म्हणजे वायरी थंड भागाला घट्ट चिकटवून त्यांची उष्णता तिथेच सोडायला लावण्याचं. सेन्सरला पोचायच्या आधी वायरी त्याच ब्लॉकवर गार व्हायला हव्यात. ब्लॉकला स्क्रूने घट्ट लावलेल्या कॉपर बॉबिनवर (वायर गुंडाळायच्या रिळावर) सिगरेट पेपर जीई वार्निशने (थंडीत टिकणाऱ्या चिकट वार्निशने) चिकटवा (शॉर्ट होऊ नये म्हणून), वर वायरीचे बरेच वेढे घ्या, पुन्हा वार्निश, आणि पूर्ण वाळू द्या, इथे घाई केली की सगळं परत करावं लागतं. नुसत्या टेपवर माझा विश्वास नाही, थंडीत ती सुटते. सेन्सरच्या होलमध्ये अ‍ॅपिझॉन एन ग्रीस पातळच लावा.

तरी जमत नसेल तर सेल्फ हीटिंग, म्हणजे मोजायच्या करंटनेच सेन्सर गरम होणं, तपासा. पीटी१०० (० डिग्री सेल्सिअसला १०० ओहम असणारा प्लॅटिनमचा सेन्सर) मधून १ मिलीअँप गेला की ० डिग्री सेल्सिअसला ०.१ मिलीवॅट उष्णता सेन्सरमध्येच तयार होते. करंट दुप्पट केला की ती चौपट, तेव्हा रीडिंग वर सरकलं तर करंट कमी करा, सरकलं नाही तर दोष अँकरिंगचा. सिलिकॉन डायोड या दुसऱ्या प्रकारच्या सेन्सरवर मात्र हा प्रयोग करू नका, त्याचं कॅलिब्रेशन ठरलेल्या करंटलाच, सहसा १० मायक्रोअँपला, केलेलं असतं.

सेन्सरच बिघडलाय का हे बघायचं असेल तर तो बाहेर काढून लिक्विड नायट्रोजनमध्ये बुडवा, खिडक्या उघड्या ठेवून, आणि आधी वाफेत धरून हळूहळू खाली सोडत. ७७ केल्विनला चांगला पीटी१०० साधारण २० ओहम दाखवतो. तिथे बरोबर आणि क्रायोस्टॅटमध्ये चूक, तर बॉबिनकडे परत जा.