चार तारखांची वही: बिलियरी अट्रेसिया असलेल्या बाळांच्या पालकांचा गट कसा उभारावा

आमच्या गटात नवे कुटुंब आले की पहिल्या भेटीत मी त्यांच्या हाती एक दोनशे पानी वही ठेवते आणि पहिल्या पानावर चारच तारखा लिहायला सांगते: बाळ जन्मले ती, बाळाचे डोळे पिवळे दिसतात असे घरात कुणीतरी पहिल्यांदा म्हटले ती, शी पांढरट झाल्याचे लक्षात आले ती, आणि लहान मुलांच्या यकृताच्या डॉक्टरांनी बाळाला पहिल्यांदा तपासले ती. पहिली तारीख अर्थातच पाठ असते. तिसऱ्या तारखेवर आई आणि आजी यांचे एकमत होत नाही; मग सोयर फिटल्याचा दिवस, बारसे, मोबाइलमधले जुने फोटो असे धागे जुळवत ती सापडते. या तारखांमधले अंतर हाच त्या बाळाच्या आजाराचा खरा इतिहास असतो. म्हणून पालकांचा गट उभारायचा असेल तर सुरुवात मदतनिधीच्या पेटीपासून न करता या वहीपासून करावी, असे माझे मत आहे.

बिलियरी अट्रेसियामध्ये नवजात बाळाच्या यकृताबाहेरील पित्तनलिका दाहामुळे बुजत जातात. पित्त आतड्यात उतरत नाही, यकृतातच साचते, आणि काही महिन्यांत कोवळे यकृत निबर होऊ लागते. शस्त्रक्रिया झाली नाही तर बहुतेक बाळे दोन वर्षांच्या आत दगावतात. आईने गरोदरपणी काय खाल्ले किंवा ग्रहण पाळले की नाही, याच्याशी या आजाराचा काहीही संबंध नाही, हे वाक्य गटातल्या कुणीतरी सासरच्या मंडळींसमोर मुद्दाम मोठ्याने म्हणावे. युरोपात जन्मणाऱ्या १५,००० ते २०,००० बाळांमागे एकाला हा आजार होतो, तर तैवानमध्ये त्याचे प्रमाण बरेच अधिक आहे. जपानमधील सेंदाई येथील शल्यविशारद मोरिओ कासाई यांनी शोधलेली शस्त्रक्रिया १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात बुजलेल्या नलिका काढून आतड्याचा एक भाग थेट यकृताच्या मुखाशी जोडतात. ही शस्त्रक्रिया बाळ साठ दिवसांचे होण्याच्या आत झाली तर पित्त वाहू लागण्याची शक्यता अधिक असते, आणि दिवस जातील तशी ती घटत जाते.

पहिले काम: शीचा रंग

निरोगी तान्ह्या बाळाची शी हळदीसारखी पिवळी, मोहरीच्या रंगाची किंवा हिरवट असते. पित्त उतरत नसेल तर ती भिजवलेल्या शाडूसारखी, खडूसारखी किंवा फिकट साय धरलेल्या दुधासारखी दिसते. लघवीचे उलटे होते: तान्ह्या बाळाची लघवी पाण्यासारखी असायला हवी, ती गडद होऊन लंगोटावर पिवळा डाग पाडते. गंमत अशी, की हाच डाग शीला लागून ती वरून पिवळसर भासू शकते आणि घरचे निश्चिंत होतात. म्हणून शी काडीने थोडी पसरून आतला रंग पाहावा. फोटो काढायचा तर दिवसाउजेडी, खिडकीजवळ, शेजारी कोरा पांढरा कागद ठेवून काढावा. ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत पांढरी शीही बऱ्यापैकी पिवळी दिसते.

तैवानने २००४ मध्ये बाळांच्या शीच्या रंगांचे कार्ड देशभर लागू केले. त्यानंतर साठ दिवसांच्या आत कासाई शस्त्रक्रिया होणाऱ्या बाळांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास होते ते सुमारे दोन तृतीयांशावर गेले. जपानने २०१२ मध्ये हे कार्ड माता-बाल आरोग्य पुस्तिकेतच समाविष्ट केले. आपल्याकडे गटाला यासाठी कुणाच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. नवजात बाळाची अशी घरपोच काळजी घेता येते हे गडचिरोलीच्या 'सर्च'मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामाने आधीच दाखवून दिले होते. यांपैकी चौदाव्या दिवसापासूनच्या चारही भेटी नेमक्या आपल्या कामाच्या आहेत. तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटावे, आशाताईंच्या मासिक बैठकीत पंधरा मिनिटे मागून घ्यावीत, आणि तेथे भाषण न करता तज्ज्ञांनी तपासलेले रंगांचे कार्ड हातोहात फिरवावे. कार्ड मात्र चांगल्या छापखान्यातच छापावे, कारण झेरॉक्स दुकानातल्या प्रिंटरवर पिवळ्याचा पांढरा आणि पांढऱ्याचा पिवळा व्हायला वेळ लागत नाही.

दुसरी गोष्ट रक्ततपासणीची. नवजात काविळ बहुतेक बाळांना होते आणि ओसरते, त्यामुळे 'कोवळ्या उन्हात धरा, जाईल' हा सल्ला आजीपासून दवाखान्यापर्यंत सर्वत्र मिळतो. दोन आठवड्यांनंतरही काविळ टिकली असेल तर बिलिरुबिनची, म्हणजे काविळीत रक्तात वाढणाऱ्या पिवळ्या द्रव्याची, तपासणी 'टोटल' आणि 'डायरेक्ट' अशी वेगवेगळी मागावी. डायरेक्टचा आकडा १ मिलिग्रॅमच्या वर असेल तर ऊन, गळ्यातली माळ, नाकात टाकायचे थेंब यांपैकी कशातही दिवस न घालवता बालयकृततज्ज्ञ गाठावा. अमेरिकेत ह्यूस्टन परिसरातील १४ रुग्णालयांनी सुमारे सव्वा लाख नवजात बाळांची डायरेक्ट बिलिरुबिन तपासणी केली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शस्त्रक्रियेच्या वेळचे बाळाचे सरासरी वय ५६ दिवसांवरून ३६ दिवसांवर आल्याचे दिसले. वीस दिवसांचा हा फरक कोणत्याही नव्या औषधाशिवाय पडला, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

गटात काय बोलावे, काय बोलू नये

सात-आठ कुटुंबे जमली की व्हॉट्सअ‍ॅपचा गट आपोआप होतो. तो नीट चालवणे मात्र आपोआप होत नाही. गटाचे काम दोघांनी मिळून पाहावे आणि त्यांपैकी एकाचे मूल तरी शस्त्रक्रियेनंतर काही वर्षे स्थिर असावे, कारण स्वतःचे बाळ अतिदक्षता विभागात असणाऱ्या माणसावर इतरांच्या प्रश्नांचे ओझे टाकणे क्रूरपणाचे आहे. औषधाची मात्रा गटात कुणीही कुणाला सांगू नये. कासाईनंतर ताप आला, शी पुन्हा फिकट झाली किंवा डोळे पुन्हा पिवळे दिसू लागले, तर गटात विचारत बसू नये, रुग्णालयात निघावे. पित्तमार्गाचा जंतुसंसर्ग तासांच्या हिशेबाने वाढतो. हा एक नियम गटाच्या वर्णनातच लिहून ठेवावा. रिपोर्टचा फोटो टाकताना नाव, नोंदणी क्रमांक आणि पत्ता झाकावा.

आहाराबाबत मात्र पालकांकडून पालकांना खूप शिकता येते. पित्त नसल्याने चरबी आणि तिच्यासोबत अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे नीट शोषली जात नाहीत, त्यामुळे डॉक्टर विशिष्ट तेल आणि जीवनसत्त्वे देतात. ते कडू औषध बाळाच्या गळी कसे उतरवायचे, नाकातल्या नळीने दूध देताना रात्रीचे गजर कसे लावायचे, हे ज्याने केले आहे त्यानेच सांगावे.

बहुतेक मुलांना पुढे कधी ना कधी यकृत प्रत्यारोपण लागते, आणि त्या वेळी गटाची खरी गरज भासते. भारतातले पहिले यशस्वी बालयकृत प्रत्यारोपण १९९८ मध्ये दिल्लीत झाले ते याच आजाराच्या वीस महिन्यांच्या मुलावर. वडिलांनी आपल्या यकृताचा तुकडा दिला आणि तो मुलगा पुढे स्वतः डॉक्टर झाला. नव्या पालकांना ही हकिकत सांगावी, पण तिच्यासोबत व्यवहारही सांगावा. मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार आई, वडील, भावंडे, आजी-आजोबा हे जवळचे नातेवाईक ठरतात. मामा, काका, मावशी यांना प्राधिकार समितीची परवानगी लागते, म्हणून ती कागदपत्रे लवकर सुरू करावीत. मेंदूमृत दात्याकडून यकृत मिळण्यासाठीची नोंद रुग्णालयामार्फत विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीकडे होते. महाराष्ट्रात अशा समित्या मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. आणि आई दाता असेल तर शस्त्रक्रियेच्या दिवशी आई एका मजल्यावर, बाळ दुसऱ्यावर आणि बाप जिन्यात, अशी अवस्था होते. त्या आठवड्यात डबा कोण आणणार, दात्याजवळ कोण झोपणार, गावाकडच्या मोठ्या भावंडाला शाळेत कोण सोडणार, याची पाळी गटाने कागदावर लिहून ठरवावी. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात, हेही तेथील वैद्यकीय समाजसेवकाला पहिल्याच दिवशी विचारावे. देणग्या गोळा होत असतील तर त्या थेट रुग्णालयाच्या खात्यावर जाव्यात आणि पावती गटात दिसावी. यावर अधिक लिहिण्याची गरज नसावी.

मूल गेले तर काय करायचे, हे गटाने आधी ठरवलेले असावे. गटात 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग लागू देऊ नये. एकाने फोन करावा, शक्य असल्यास दोघांनी घरी जावे, आणि महिन्याभराने आई-वडिलांना विचारावे की गटात राहायचे आहे का. काही जण लगेच बाहेर पडतात. काही जण राहतात, आणि रात्री दोन वाजता रुग्णालयातून आलेल्या संदेशाला पहिले उत्तर पुष्कळदा त्यांचेच असते.

वहीतून संशोधनाकडे

दुर्मीळ आजाराच्या संशोधनाची मोठी अडचण म्हणजे एका रुग्णालयाकडे पुरेशी मुले नसतात. कासाईनंतर स्टेरॉइड दिल्याने फायदा होतो का, हे तपासणाऱ्या अमेरिकेतील अभ्यासात १४ केंद्रे मिळून १४० बाळे होती आणि ती जमवायला काही वर्षे लागली. २०१४ मध्ये आलेला निष्कर्षही निराशाजनक होता: पित्त वाहण्यात ठोस फरक दिसला नाही. अशा नकारात्मक उत्तरालाही किंमत असते, कारण त्यामुळे पुढच्या बाळांना निष्कारण जड औषध देण्याआधी डॉक्टर विचार करतात. जपानमध्ये या आजाराची राष्ट्रीय नोंदवही १९८९ पासून चालू आहे. एवढी मोठी यंत्रणा पालक उभारू शकत नाहीत, पण सर्वांनी एकाच पद्धतीने नोंद ठेवली तर तज्ज्ञांना आयता पाया मिळतो.

त्यासाठी प्रत्येक वहीत रकाने सारखेच असावेत: तारीख, वजन, दंडाचा घेर, कार्डावरील शीच्या रंगाचा क्रमांक, टोटल आणि डायरेक्ट बिलिरुबिन, तापाचे दिवस, रुग्णालयातील मुक्काम. दंडाचा घेर मुद्दाम ठेवला आहे, कारण पोटात पाणी साचले की वजन वाढल्यासारखे दिसते, घरात पेढे वाटले जातात, आणि दंड मात्र काडीसारखा झालेला असतो. अंगणवाडीतील सेविका ज्या पट्टीने मोजते तीच पट्टी पुरते. तारीख नेहमी दिवस, महिना, वर्ष याच क्रमाने लिहावी. माहिती नसेल तेथे रकाना कोरा ठेवावा, अंदाजाने भरू नये. सहा महिन्यांनी एका व्यक्तीने नावांऐवजी सांकेतिक क्रमांक वापरून या नोंदी तक्त्यात उतरवाव्यात, आणि नाव व क्रमांक जुळवणारा कागद वेगळा, कुलपात ठेवावा.

हा तक्ता घेऊन वैद्यकीय महाविद्यालयातील बालशल्यचिकित्सा किंवा बालयकृत विभागाकडे जावे. जाताना 'संशोधन करा' असे मोघम सांगण्याऐवजी एकच प्रश्न न्यावा, उदाहरणार्थ: आमच्या जिल्ह्यातील बाळांचे सर्वाधिक दिवस कोठे वाया जातात, दुसऱ्या आणि तिसऱ्या तारखेच्या मध्ये, की तिसऱ्या आणि चौथीच्या? आधीच्या अंतरात घराचे अज्ञान असते, नंतरच्या अंतरात बहुधा व्यवस्थेची दिरंगाई. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीची (एथिक्स कमिटी) मंजुरी मिळाल्याशिवाय गटाने तक्ता कुणाच्याही हवाली करू नये.

एखाद्या औषधाच्या चाचणीत बाळाला सामील करण्याविषयी विचारणा झाली तर ती चाचणी भारतीय नोंदणीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, नोंदलेली आहे का हे पाहावे. २००९ पासून ही नोंदणी सक्तीची आहे. संमतीपत्र मराठीत मागावे आणि घरी नेऊन वाचावे. मध्येच बाहेर पडता येईल का, इजा झाल्यास उपचार व भरपाई कोण देणार, रक्ताचे व यकृताचे नमुने किती वर्षे आणि कोठे ठेवणार, हे तीन प्रश्न त्यात सापडत नसतील तर सही थांबवावी. 'डॉक्टरांना वाईट वाटेल' ही भीती मी फार पाहिली आहे. चांगल्या डॉक्टरला प्रश्नांचे वाईट वाटत नाही, आणि नकार दिल्याने नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत.

कामाचा व्याप वाढला की किमान सात सदस्य घेऊन धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात संस्थेची नोंदणी करता येते. पहिल्या वर्षी ती घाई करू नये, कारण हिशेबतपासणी आणि बदल अर्ज यांतच उत्साह संपतो.

मूल मोठे होईल तशी वहीची मालकी बदलत जावी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सात ते बारा वर्षांच्या मुलाला त्याच्या भाषेत समजावून तोंडी होकार घ्यायचा असतो, आणि बारा ते अठरा वयात तो लेखी घ्यायचा असतो. अठरा पूर्ण झाली की वही त्याच्या हाती द्यावी, पहिल्या पानावरच्या चार तारखा त्याला वाचून दाखवाव्यात, आणि त्याच्या नोंदी तक्त्यात ठेवायच्या की काढून टाकायच्या हे त्यालाच नव्याने विचारावे. आई-वडिलांनी तो तान्हा असताना केलेली सही तेथून पुढे चालत नाही.