तिसरा गोली व्हायच्या आधी

२० डिसेंबर २०१४. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीगची, पहिलीच फायनल, केरळ विरुद्ध कोलकाता. कोल्हापुरातून आम्ही सहाजण रात्रीच्या गाडीनं गेलो होतो. केरळच्या संघात सचिनची भागीदारी, त्यामुळं आजूबाजूला सगळं पिवळंधमक. मी मात्र बॉल सोडून गोली, म्हणजे गोलकीपर, बघत बसलो होतो. गोलीला तीच खोड असते. कोलकात्याच्या गोलात अपुला एडेल होता. दुसऱ्या हाफमध्ये केरळवाले चढून आले, यानं अडवत ठेवलं, आणि इंज्युरी टाइममध्ये कोलकात्याच्या मोहम्मद रफीकनं हेडर मारून १-० केलं. संपलं.

परतीच्या वाटेवर मोबाइलवर एडेलबद्दल मिळेल ते वाचलं. जन्म कॅमेरूनमधल्या याउंडेचा. पोरवयात आर्मेनियाला गेला, तिथलं नागरिकत्व घेतलं, तिथल्या राष्ट्रीय संघाकडून खेळला. मग पॅरिस सां-जर्मां (पीएसजी), मग इस्रायल, आता भारत. पॅरिसचा भाग मी दोनदा वाचला. २००७ मध्ये तिथं गेला तेव्हा पुढं पहिला गोली म्हणून मिकाएल लँद्रो उभा. लँद्रो गेला तर ग्रेगरी कुपे आला. नोव्हेंबर २००९ मध्ये कुपेच्या घोट्याला मोठी दुखापत झाली, आणि १ मे २०१० ला फ्रेंच कपच्या फायनलला गोलात एडेल. मोनॅकोला १-० हरवलं, कप घेतला.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. यातून मी अर्थ काढला तो असा: मोठ्या क्लबात कसंही करून घुसायचं, बेंचवर गप बसायचं, पुढच्याचा घोटा कधीतरी मोडतोच.

ह्या अर्थानं माझी दोन वर्षं खाल्ली. पकड कशी असावी, डायव्ह मारताना कोपर कुठं ठेवावं, ट्रायलला काय घेऊन जावं, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. मला त्या दोन वर्षांबद्दलच बोलायचंय.

२०१५ च्या पावसाळ्यात मुंबईतल्या एका क्लबात ट्रायल दिली आणि तिसरा गोली म्हणून घेतलं. पेठेत पेढे वाटले. आईनं अंबाबाईला खणानारळानं ओटी भरली. तालमीच्या फळ्यावर माझं नाव खडूनं लिहिलं गेलं (कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचेच असतात). राहायला खोली, जेवण, महिन्याला थोडे पैसे. तक्रार करावी असं वरवर काही नव्हतं, आणि खरी गोम तीच होती.

तिसऱ्या गोलीचं काम सांगतो. सकाळी सगळ्यांच्या आधी मैदानावर, कारण बॉलच्या पिशव्या त्याच्याकडं. पहिल्या गोलीच्या वॉर्मअपला त्याला बॉल मारून द्यायचे. मग पहिला आणि दुसरा संघात बिब (सरावाचं रंगीत बनियन) घालून खेळायला गेले की आपण उरलेल्या फॉरवर्डांच्या शूटिंगसाठी गोलात उभं राहायचं. एका सकाळी ऐंशी-नव्वद शॉट. बॉल आत गेला की फॉरवर्ड खूश, अडवला की कोच त्याच्यावर ओरडणार, म्हणजे आपण अडवलं तरी कुणाला आनंद नाही. ग्लोव्हजचं रबर दीड महिन्यात सोलून निघायचं. नवे ग्लोव्हज मिळायचे ते पहिल्या दोघांना. मी सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावून अंगठ्याजवळची शिवण चिकटवायचो. हाताला दिवसभर तो वास यायचा, भात कालवताना सुद्धा.

पण मी वाईट झालो नव्हतो, उलट चांगला झालो होतो. दोन वर्षांत माझे रिफ्लेक्स असे झाले की सहा यार्डांवरून मारलेला बॉल मी बोटांनी काढायचो. कोच पाठ थोपटायचे. व्हिडिओ काढून इन्स्टाग्रामवर टाकले तर लोक दंडाच्या इमोजी टाकायचे. (गोलीनं असे व्हिडिओ टाकू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. वीस सेकंदांत बारा सेव्ह दिसतात. खऱ्या सामन्यात नव्वद मिनिटांत तीन येतात, आणि त्यांतल्या दोन आपण नीट उभं राहिलो तर सेव्ह वाटतच नाहीत.) दोन हंगामांत अधिकृत सामना किती मिनिटं खेळलो? अकरा. शेवटच्या सामन्यात, ३-० ने पुढं असताना. एकही बॉल आला नाही.

मग कोल्हापूर. दोन वर्षांनी तालमीकडून शाहू स्टेडियमवर उतरलो. गॅलरी भरलेली, हलगी वाजत होती, आणि मी मुंबईहून आलेला. सतराव्या मिनिटाला डावीकडून क्रॉस आला. साधा क्रॉस, उंच, सहा यार्डांच्या रेघेच्या जरा बाहेर पडणारा. पाय म्हणाले जा, डोकं म्हणालं थांब. मी दोन पावलं गेलो आणि थांबलो. ना बॉलपाशी, ना गोललाइनवर. त्यांच्या गड्यानं डोकं लावलं आणि बॉल माझ्यावरून टप्पा खात आत. गॅलरीतून एकजण ओरडला, "मुंबईला काय वडापाव खायला गेलतास काय रं!" बरोबर होतं त्याचं.

सरावात शूटिंग असतं, म्हणजे बॉल तुमच्याकडं येणार हे आधीच ठरलेलं असतं. सामन्यात निम्मं काम बॉल येण्याआधीचं. बॅकलाइन, म्हणजे बचावाची फळी, वर सरकली की आपण किती पुढं यायचं, क्रॉस सोडायचा की घ्यायचा, पंच करायचा की पकडायचा, सेंटरबॅकला "सोड" म्हणायचं की "मार" म्हणायचं, आणि ते पाऊण सेकंद आधी म्हणायचं. मी चाळीस मिनिटं काहीच न करता उभा राहू शकत नव्हतो, लक्ष उडायचं. गोल खाल्ल्यावर पुढची दहा मिनिटं मी मैदानात नसायचोच, त्या क्रॉसमध्येच असायचो. शूटिंगच्या गोलात हे शिकता येत नाही. हजार शॉट अडवा, दहा हजार अडवा. आणि वाईट भाग म्हणजे हे गंजणं कुणाला दिसत नाही, कारण सरावात तुम्ही चमकत असता. मलाही दिसलं नाही. पुन्हा सांगतो, मलाही दिसलं नाही, आणि मी रोज रात्री स्वतःचे व्हिडिओ बघायचो.

त्या सामन्यानंतर मी एडेलची कारकीर्द पुन्हा वाचली, यावेळी सुरुवातीपासून. पॅरिसच्या आधीची पाच वर्षं मी चक्क गाळली होती.

२००२ च्या सुमारास तो येरेव्हानच्या प्युनिकमध्ये आला. आर्मेनियाची लीग लहान, आठ-दहा संघांची. पण त्यात प्युनिक म्हणजे दादा: २००१ ते २०१० सलग दहा वेळा विजेते. (हेन्रिक मिखितारियान पुढं याच क्लबातून वर आला.) विजेता संघ म्हणून दर उन्हाळ्यात चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेऱ्या. म्हणजे विशीच्या आत ह्या पोरानं जिंकायचं ओझं असलेल्या संघात सामने खेळले, चुका केल्या, पुढच्या आठवड्यात परत उभा राहिला. लहान लीग म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. आणि पॅरिसमध्ये वाट बघत होता तेव्हाही पीएसजीच्या राखीव संघाकडून खेळत होता. फ्रान्समध्ये मोठ्या क्लबांचे राखीव संघ खालच्या विभागात खरेखुरे सामने खेळतात, पॉइंट असलेले, पायाला लाथा बसणारे. त्याचं वाट बघणं आणि माझं वाट बघणं ह्यात हा फरक. तो रांगेत उभा होता, पण रांगेत उभा राहून जेवत होता. मी उपाशी होतो.

राष्ट्रीय संघातही त्याला रांगच मिळाली. तिथं रोमन बेरेझोव्स्की. १९९६ ते २०१६ ह्या काळात आर्मेनियाकडून ९४ सामने. अशा माणसाच्या मागं जन्माला आलात तर कितीही चांगले असा, वाट्याला मोजकंच येणार. गोलीचा धंदाच तसा आहे. मिडफिल्डर तिघं-चौघं लागतात, गोली एक. हे आधी पचवा, मग रुसून बसू नका. मी रुसलो होतो, दुसऱ्या गोलीशी दोन महिने बोललो नव्हतो. बिचारा तो, त्यालाही खेळायला मिळत नव्हतं.

आता घाबरून जाऊ नका. तिसऱ्या गोलीची जागा नाकाराच असं मी म्हणत नाही. विचारून घ्या, एवढंच. क्लबाचा राखीव किंवा युवा संघ कुठल्या लीगमध्ये खेळतो, वर्षाला सामने किती, त्यात मला उतरवणार का? मधल्या खिडकीत, म्हणजे हंगामाच्या मध्यात खेळाडूंची अदलाबदल चालते तेव्हा, लोनवर (तात्पुरतं दुसऱ्या क्लबाकडं) जायचं म्हटलं तर एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, देणार का, आणि हे कागदावर लिहिणार का? दुसरा गोली किती वर्षांचा आहे? हे प्रश्न विचारल्यावर समोरचा माणूस हसला किंवा "आधी स्वतःला सिद्ध कर" म्हणाला तर बॅग भरा. मला नेमकं हेच वाक्य ऐकवलं होतं, आणि मी मान डोलावली होती. मधल्या खिडकीत एनओसी मागितली तर दोन आठवडे "बघू" चाललं. खिडकी बंद झाली.

आणि ट्रायल लावून देतो म्हणून पैसे मागणारे सर. त्यांच्याबद्दल मी काही सभ्य लिहू शकत नाही, म्हणून सोडतो.

मार्गदर्शक म्हणाल तर मला दोन लाभले. एक लायसन्सवाले, लॅपटॉपवाले. दुसरे आमच्या तालमीतले आबा, स्वतः कधी गोलात उभे न राहिलेले. परत आल्यावर आबांनी मला शहराच्या खालच्या गटातल्या संघात टाकलं, जिथं बॅकलाइनला ऑफसाइड सापळा म्हणजे काय हे सांगावं लागायचं. मला लाज वाटली होती. ते गोलमागं खुर्ची टाकून बसायचे आणि सामना संपला की कालनिर्णयाच्या मागच्या कोऱ्या बाजूला माझी मिनिटं लिहायचे. नव्वद. नव्वद. साठ. गोल किती खाल्ले ते नाही, फक्त मिनिटं. साधारण हजार मिनिटं झाल्यावर एका क्रॉसला मी विचार न करता बाहेर गेलो आणि बॉल छातीशी घेतला. कुणी टाळी वाजवली नाही. आबांनी तपकीर ओढली.

एडेलनं पॅरिस सोडल्यावर काय केलं तेही बघा. २०११ मध्ये क्लब कतारच्या हातात गेला, नवे गोली आले, याची जागा गेली. हा तेल अवीवच्या हापोएलला गेला, २०१२ चा इस्रायलचा कप जिंकला. नंतर भारत. पॅरिसहून नेरूळला येणं कुणी उतरण म्हणेल, म्हणू दे. तो खेळत राहिला. २०१५ मध्ये चेन्नईयिन, आणि पुन्हा २० डिसेंबर, पुन्हा फायनल, यावेळी गोव्यात, फातोर्ड्याला. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला जोफ्रेनं फ्रीकिकवर एडेलला चकवलं, गोवा २-१ पुढं, स्टेडियम वेडं झालं. नव्वदाव्या मिनिटाला गोव्याचा गोली लक्ष्मीकांत कट्टीमनी, त्याच्या नावावर स्वयंगोल लागला. त्याच सामन्यात कट्टीमनीनं पेनल्टीही अडवली होती. पाठोपाठ चेन्नईयिनचा मेंडोझा, ३-२. पहिले दोन हंगाम, दोन वेगळे क्लब, दोन्ही किताब एडेलच्या नावावर. मला मात्र तेव्हापासून कट्टीमनीच जास्त आठवतो. ज्यानं आयुष्यात गोलात उभं राहून काही खाल्लंय त्याला कळेल.

एक बरं झालंय. पहिल्या वर्षांत आयएसएलच्या गोलात बऱ्याचदा परदेशी उभे असायचे, आता बहुतेक संघांचा पहिला गोली भारतीयच आहे. जागा वाढल्यात. त्यासोबत तिसऱ्या गोलीच्या जागाही वाढल्यात, हे विसरू नका.

मी सध्या शिरोलीच्या एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे, सकाळी सहा ते साडेसात पोरांना गोलात उभं करतो. गेल्या आठवड्यात त्यातला एक सतरा वर्षांचा पोरगा पुण्याच्या क्लबाचा निरोप घेऊन आला. तिसरा गोली, खोली, जेवण, महिन्याला थोडे पैसे. डोळे चमकत होते त्याचे. मी म्हटलं, "राखीव संघाचे सामने किती, एवढं फोन करून विचार." म्हणाला, "दादा, असं विचारलं तर त्यांना राग येईल का?"

अजून त्यानं फोन केलेला नाही. आईनं पेढे मात्र आणून ठेवलेत.