मडगाव स्टेशनवरून कुलदेवतेच्या देवळात कसं पोचायचं

डोंबिवलीहून, पुण्याहून नातेवाइकांचा फोन येतो, "गोव्याला येतोय, कुठे उतरू?" मी फोंड्यात राहते, त्यामुळे आधी विचारते, तुमचं कुलदैवत कुठलं? कवळ्याची शांतादुर्गा, रामनाथ किंवा नागेश असेल तर मडगावला उतरा. मंगेशीला किंवा म्हार्दोळच्या म्हाळसेला जायचं असेल तर करमळी स्टेशन जवळ पडतं. तिकीट काढण्याआधीच हे ठरवा.

मडगावचा मोठा फायदा म्हणजे मुंबईहून येणाऱ्या कोकणकन्या, मांडवी, जनशताब्दी, तेजस आणि वंदे भारत तिथेच संपतात. वयस्क माणसांना सामान घेऊन सावकाश उतरता येतं. कोकण रेल्वेला इथे लोंढ्याहून वास्कोकडे जाणारा जुना मार्ग मिळतो, म्हणून ते जंक्शन. पुण्याहून मिरज-बेळगावमार्गे येणारी गोवा एक्सप्रेसही इथे थांबते, पण पहाटे.

देवदर्शनाला कोकणकन्या सगळ्यांत सोयीची, सकाळी पोचते. मांडवी संध्याकाळी येते आणि काळोख पडला की बसेस झपाट्याने कमी होतात. मांडवीने येणार असाल तर देवस्थानच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांच्या निवासात, खोली आधीच सांगून ठेवा आणि स्टेशनवरून सरळ टॅक्सी करा.

आता बसचं. कदंब स्टँड, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसचा स्टँड, स्टेशनाजवळ नाही, शहराच्या दुसऱ्या टोकाला फातोर्ड्याकडे आहे. माझ्या आत्याला कुणीतरी "जवळच आहे, चालत जा" म्हणालं. मे महिन्याचं ऊन, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात ओटीचं साडी-नारळाचं ताट. देवळात पोचली तेव्हा तिला उभंही राहवत नव्हतं. दर्शन राहिलं बाजूला, आधी सभामंडपात बसवून पाणी पाजावं लागलं. म्हणून सांगते, स्टँडपर्यंत रिक्षा करा. एकटे असाल आणि सामान थोडं असेल तर पायलट घ्या. पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल म्हणजे पायलट, भाडं बसण्याआधी ठरवायचं.

स्टँडवर "फोंडें, फोंडें" अशी हाक ऐकू आली की त्या बसमध्ये चढा. बोरीच्या पुलावर जुवारी ओलांडताना डावी-उजवीकडे दोन्ही खिडक्यांतून नदी दिसते, पावसाळ्यात तर पाणी पाहतच राहावं. फोंड्याला उतरून कवळे, रामनाथी, नागेशी रिक्षाने अगदी थोड्या वेळाची वाट. पणजीला जायचं असेल तर मडगावहूनच विनाथांबा शटल आहे, तिचं तिकीट खिडकीवर काढून रांगेत उभं राहायचं.

करमळीला उतरलात तर रिक्षाने जुन्या गोव्याच्या थांब्यावर या. तिथून फोंड्याची बस बाणस्तारीवरून म्हार्दोळ, मंगेशीकडे जाते. वंदे भारत मात्र करमळीला थांबत नाही.

परतीचं तिकीट काढताना एक लक्षात ठेवा. मंगेशीला असाल तर कोकणकन्येसाठी उलटं मडगावला जाऊ नका. तिकिटावर चढण्याचं स्टेशन करमळीच घाला, गाडी मडगावहून सुटून तिथेच येते. आणि जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पावसाळी वेळापत्रक असतं, तेव्हा ती लवकर सुटते. फोंड्याहून निघायची वेळ त्या हिशेबाने ठरवा.