शुगर आहे? मग डोळ्याच्या पडद्याच्या स्कॅनच्या वेळी या चुका टाळा

मी रोज पडद्याचे स्कॅन काढते, आणि रोज कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, मला सगळं स्पष्ट दिसतंय, मग हे कशाला?" पहिली चूक हीच. डायबेटिसमध्ये पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या एकेक करून बंद पडतात आणि कडेच्या भागाला रक्त मिळेनासं झालं तरी मधली नजर बराच काळ चांगली राहते, त्यामुळे दिसतंय म्हणजे रक्त पोचतंय असं अजिबात समजू नका. टाइप टू निघाला की लगेच, मग दरवर्षी पडदा दाखवायचा.

दुसरं, "फोटो काढलाय की गेल्या महिन्यात". अहो, साधा कॅमेरा साधारण 45 अंशांचा भाग घेतो, वाइड फील्डवाला 200 पर्यंत जातो, पण रक्त कुठे पोचत नाही ते नीट कळायला अँजिओग्राफी लागते. हे नाव ऐकून लोक हृदयाचीच समजतात आणि घाबरतात! इथे हाताच्या शिरेत पिवळा डाय देतात, तार वगैरे काही घालत नाहीत. कुणाला थोडा वेळ मळमळतं, लघवी एखाद दिवस पिवळी-नारिंगी होते. ॲलर्जी, दमा, प्रेग्नन्सी असेल तर मात्र आधीच सांगा. बिनडायची ओसीटी (प्रकाशाने पडद्याचे थर दाखवणारा स्कॅन) अँजिओग्राफी पण असते, पण तिच्यात वाहिनीतून होणारी गळती दिसत नाही, म्हणून डॉक्टर डाय म्हणाले तर "नको, ओसीटीच करा" असा हट्ट नको.

आता आमच्याकडून होणारी चूक. परवा एक आजी हनुवटी टेकवून बसल्या, "हलू नका" म्हटलं तर त्यांनी पापणीच मिटली नाही, डोळा कोरडा पडला आणि स्कॅनवर काळे पट्टे. घाईत असते तर रक्तच नाही असं वाटलं असतं. ल्युब्रिकंटचे थेंब घातले, चार वेळा डोळे मिटायला लावले, परत काढला. पट्टे गेले. एक काळा डाग मात्र मधल्या भागाच्या बाजूला तिथेच राहिला, तसाच, आणि तो खरा होता, मग मी लगेच डॉक्टरांना आत बोलावलं.

मोतीबिंदूमुळे पण असा अंधार येतो. म्हणून रिपोर्टवर सिग्नलचा आकडा, म्हणजे स्कॅन किती स्पष्ट आलाय तो आकडा, कमी असेल तर परत काढायला सांगा, त्यात लाजायचं काही नाही, आणि जुने स्कॅन घरी ठेवून येऊ नका, डाग जुना की नवा ते त्याशिवाय कळत नाही.