सीमाभागात घर शोधताना: पाऊस, पाणी, कागद आणि शेजार

बेळगाव परिसरात घर पाहायला जाण्याचा सर्वांत चांगला महिना जुलै आहे. दिवाळीच्या सुमारास प्रत्येक घर नव्या रंगात उभे असते आणि उन्हाळ्यात प्रत्येक भिंत कोरडी असते, त्यामुळे त्या दिवसांत पाहिलेले घर आपल्याला स्वतःबद्दल फारसे काही सांगत नाही. सुमारे ७५० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पूर्व कडेला वसलेल्या या शहरात पाऊस एकदा लागला की दिवसेंदिवस रिमझिम चालू राहते. पश्चिमेला खानापूरकडे जावे तसा तो वाढत जातो आणि पूर्वेला अथणी-रायबागकडे जावे तसा इतका कमी होतो की तिथली माणसे त्याची वाट पाहत बसतात. म्हणून घर कोणत्या पट्ट्यात आहे हे आधी लक्षात घ्यावे, आणि शक्य असेल तर छत्री घेऊन, चिखलातून चालत जाऊनच ते पाहावे.

हे मी अनुभवाने सांगतो. लग्नानंतर आम्ही वडगाव भागात, नाल्याच्या उताराला, भाड्याचे घर घेतले ते मार्च महिन्यात. घर हवेशीर होते, स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी होती आणि घरमालक बोलायला गोड होते. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात एका पहाटे न्हाणीच्या मोरीतून पाणी उलटे वर येऊ लागले आणि उजाडेपर्यंत धान्याच्या डब्यांचे बूड पाण्यात गेले. ते दर दोन-तीन वर्षांनी होते, हे गल्लीतल्या सर्वांना माहीत होते. आम्हीच कोणाला विचारले नव्हते.

तेव्हापासून मी घर पाहताना भिंतींकडे खालून वर पाहतो. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच नवा रंग दिलेला असेल, तर तो पट्टा कशासाठी दिला हे विचारावे. लोणा लागलेल्या भिंतीवर बोट फिरवले की पांढरी, खारट भुकटी बोटाला लागते आणि गिलावा पापडासारखा सुटतो; रंगाने तो झाकला तरी एका पावसात परत वर येतो. भिंतीला टेकलेले कपाट असेल तर त्याच्या मागे हात घालून ओल आणि वास दोन्ही तपासावेत. जुनी घरे बहुधा चिऱ्यांची आणि कौलारू असतात. त्यांत उन्हाळा सुखाचा जातो, पण वासे आणि रिपा वाळवीने पोखरल्या आहेत का हे टोकदार वस्तूने टोचून पाहिल्याशिवाय कळत नाही. स्लॅबच्या घरात गच्चीवर जाऊन पाणी कुठे साचते आणि पन्हाळीचे तोंड कोणाच्या अंगणात उघडते हे पाहावे, कारण शेजाऱ्याशी होणारी अर्धी भांडणे तिथूनच सुरू होतात.

यानंतरचा प्रश्न घरमालकाला न विचारता गल्लीतल्या जुन्या माणसाला विचारावा: २०१९ साली पाणी कुठवर आले होते? त्या ऑगस्टमध्ये बेळगाव शहरातील सखल भागांपासून निपाणीकडील वेदगंगा आणि दूधगंगेच्या काठच्या गावांपर्यंत अनेक घरांत पाणी शिरले. ते वर्ष कोणी विसरलेले नाही. आम्ही आता राहतो ते घर घेण्यापूर्वी मी समोरच्या आजींना विचारले, तेव्हा त्या काठी टेकत स्वतःच्या सोप्यात गेल्या आणि भिंतीतल्या खुंटीला हात लावून म्हणाल्या, “हितवर आलतं बघा बाळ. तुमच्या घराला दोन पायऱ्या जास्त हाईत, तिथं नाही आलं.” त्या दोन पायऱ्या मी त्याच दिवशी मोजून घेतल्या.

पावसाचे पाणी नको त्या ठिकाणी येते आणि नळाचे पाणी हवे तेव्हा येत नाही, म्हणून दुसरी चौकशी नळाची करावी. शहराला पाणी येते ते मुख्यतः राकसकोप आणि हिडकल या दोन जलाशयांतून. काही प्रभागांत चोवीस तास पाणी देण्याची योजना २००८ पासून चालू आहे, तर इतरत्र काही दिवसांच्या अंतराने पाणी सोडले जाते. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना हा फरक असू शकतो. “पाणी येते ना?” या प्रश्नाला सगळे “येते” असेच उत्तर देतात. कोणत्या वारी येते, किती वाजता येते, किती वेळ राहते आणि मेमध्ये त्यात किती फरक पडतो, असे सुटे प्रश्न विचारावेत. जमिनीखालची टाकी किती लिटरची आहे आणि ती भाडेकरूंत सामाईक आहे का, हेही पाहावे. आवारात विहीर असेल तर ती कचऱ्याने बुजवलेली असली तरी दुर्लक्ष करू नये. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खोदलेली विहीर आजही आहे, आणि शहरातल्या अशा कितीतरी जुन्या विहिरी गाळ काढून पुन्हा वापरात आलेल्या आहेत.

घर भाड्याने घ्यायचे असेल तर कागद थोडा असतो, पण तो असावाच. करारपत्र बहुधा अकरा महिन्यांचे करतात, कारण एक वर्षापेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्याने सक्तीची आहे. डिपॉझिट परत देताना रंगकामाचे पैसे कापणार का, किती कापणार, हे त्यात आधीच लिहून घ्यावे. विजेसाठी हेस्कॉम या वीज कंपनीच्या बिलावरचा आरआर नंबर, म्हणजे वीजजोडणीचा क्रमांक, मागून घ्यावा, कारण कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेखालील २०० युनिटपर्यंतची सवलत भाडेकरूलाही मिळते आणि त्यासाठी तो क्रमांक आपल्या आधारशी जोडावा लागतो. आधीचा भाडेकरू गेला असला तरी त्याचे नाव त्या क्रमांकाला चिकटलेले राहते. ते काढल्याशिवाय आपले लागत नाही.

विकत घेताना मात्र घाई करू नये, आणि इथे सीमाभागातल्या मराठी माणसाची खरी अडचण सुरू होते. आजोबांच्या काळातले जुने दस्त मोडीत किंवा मराठीत, आजचे सगळे उतारे कन्नडमध्ये, आणि आपल्यापैकी पुष्कळ जण कन्नड बोलतात पण वाचत नाहीत. मग “वकिलांनी पाहिले आहे” एवढ्यावर सही होते. वकील जरूर करावा, परंतु प्रत्येक कागद आपल्यासमोर ओळीने मोठ्याने वाचून घ्यावा आणि त्याचा मराठी मजकूर वहीत उतरवून घ्यावा. शब्द वाटतात तितके परके नाहीत. खरेदीखताला क्रयपत्र म्हणतात, बोजाच्या दाखल्याला ऋणभार प्रमाणपत्र म्हणतात, पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण हे तर तेच आहेत. चतुःसीमेला चेक्कुबंदी म्हणतात एवढे कळले तरी अर्धा कागद उलगडतो. आमच्या घराच्या खरेदीच्या वेळी मी असाच कागद वाचून घेत होतो, तेव्हा पूर्वेला रस्ता लिहिलेला आढळला. रस्ता दक्षिणेला आहे. पूर्वेला शेजाऱ्यांची भिंत आहे. जुन्या दस्तातली चूक तशीच पुढे उतरत आली होती. ती दुरुस्त करून घ्यायला सहा आठवडे लागले आणि विकणारे नाराज झाले, तरी मी सही थांबवली होती याचे मला समाधान आहे.

कोणता कागद मागायचा हे जागा कोठे आहे त्यावर ठरते. शहराच्या जुन्या गल्ल्यांतल्या घरांना सीटीएस क्रमांक, म्हणजे सिटी सर्व्हेचा क्रमांक, असतो, म्हणून सिटी सर्व्हेचा उतारा आणि महापालिकेचा ई-खाता, म्हणजे तिथली मालमत्तेची संगणकीय नोंद, दोन्ही पाहावेत. आसपासच्या गावांत ग्रामपंचायतीकडून ई-स्वत्तू या मालमत्तेच्या संगणकीय नोंदीचा नऊ आणि अकरा नंबरचा उतारा मिळतो. ऋणभार प्रमाणपत्र किमान तीस वर्षांचे काढावे. अलीकडचे कावेरी या संकेतस्थळावरून मिळते, जुन्या काळासाठी उपनिबंधक कार्यालयात अर्ज करावा लागतो. त्यात बँकेचे किंवा सोसायटीचे कर्ज दिसले तर ते फिटल्याची नोंद झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. अनेक जुनी घरे अजून आजोबांच्याच नावावर असतात, तेव्हा वारस कोण कोण आहेत हे घरच्यांकडून नव्हे तर वंशावळीवरून समजून घ्यावे आणि बहिणींच्या सह्या झाल्या आहेत का ते पाहावे. कर्नाटकाने १९९४ सालीच कायदा दुरुस्त करून अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला आणि २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो विवाहित मुलींनाही मिळाला. “बहिणी काही मागत नाहीत हो” हे वाक्य प्रेमाने म्हटलेले असते, पण न्यायालयात त्याला किंमत नसते.

शहराच्या कडेला भातशेती मोडून पाडलेल्या प्लॉटांविषयी मला विशेष काळजीने लिहावेसे वाटते, कारण माझ्या ओळखीच्या कष्टकरी कुटुंबांचे सर्वांत जास्त पैसे तिथे अडकले आहेत. दोन गुंठे, म्हणजे २१७८ चौरस फूट, स्वस्तात मिळतात. व्यवहार बाँडवर होतो, म्हणजे स्टँपपेपरवर लिहून पैसे दिले जातात, आणि घेणाऱ्याला आपण मालक झालो असे वाटते. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीची स्थावर मालमत्ता नोंदणीकृत दस्ताशिवाय आपल्या मालकीची होत नाही. जमीन बिनशेती झाली आहे का, आराखडा ‘बुडा’ने, म्हणजे बेळगावच्या नगरविकास प्राधिकरणाने, किंवा संबंधित प्राधिकरणाने मंजूर केला आहे का, पहाणीपत्रकात, म्हणजे शेतजमिनीच्या उताऱ्यात, अजून शेतकऱ्याचेच नाव आहे का, हे तीन प्रश्न विचारल्यावर जो मध्यस्थ चिडतो त्याच्याकडून जागा घेऊ नये. असे प्लॉट पुष्कळदा नाल्याच्या काठच्या शिवारात असतात, त्यामुळे कागद नीट असला तरी जुलैमधली भेट चुकवू नये.

ताबा मिळाल्यावर वास्तुशांत, दूध उतू घालणे, उंबरठ्याची पूजा हे ज्याने त्याने आपल्या घरच्या रीतीने करावे. मी फक्त एवढेच सुचवतो की देव्हाऱ्याची जागा आणि गॅसची जागा सामान लावण्यापूर्वी घरातल्या बायकांनी ठरवावी, कारण दिवसाचे सर्वाधिक तास त्याच त्या दोन ठिकाणी उभ्या असतात. पहिल्या महिन्यात मोठी खरेदी करू नये. सकाळचे ऊन कुठपर्यंत येते, वारा कोणत्या खिडकीतून पाऊस आत आणतो, हे कळेपर्यंत पलंग आणि कपाटे हलवता येतील अशीच ठेवावीत.

शेजार जोडण्यासाठी वास्तुशांतीच्या आमंत्रणाची वाट पाहू नये. सामान उतरवले त्याच संध्याकाळी दोन्ही बाजूंच्या आणि समोरच्या घरी थोडा कुंदा घेऊन जावे, आणि शेजारी कन्नड बोलणारे असतील तर मोडके का होईना, त्यांच्या भाषेत बोलावे. “नीर यावाग बरतावरी?” म्हणजे पाणी केव्हा येते, एवढे विचारता आले तरी समोरून “बर्री, चहा कुडीरी”, म्हणजे या, चहा घ्या, असे येते आणि माणूस आत जाऊन बसतो. आमच्या शेजारच्या अक्कांना मराठी समजते, बोलता येत नाही. माझ्या पत्नीचे कन्नड तसेच आहे. दोघी कुंपणावरून आपापल्या भाषेत बोलतात आणि पाणी आले की जी आधी ऐकते ती दुसरीला हाक मारते.

कागदाची कामे मात्र शेजाराच्या आनंदात मागे पडू देऊ नयेत. घरपट्टी, पाणीपट्टी आणि हेस्कॉमची जोडणी आपल्या नावावर करून घेणे हे पहिल्या तीन महिन्यांत उरकावे, नाहीतर जुन्या मालकाची थकबाकी शोधत माणसे आपल्या दाराशी येतात. कौलारू घर असेल तर मृगापूर्वी कौले शाकारून घ्यावीत. मेच्या अखेरीस कारागीर मिळत नाहीत, म्हणून एप्रिलमध्येच सांगून ठेवावे आणि तशाच मापाची पंचवीस-तीस कौले माळ्यावर राखून ठेवावीत. स्वयंपाकघरातील कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला आम्ही एक जाड पुठ्ठा चिकटवला आहे. त्यावर आरआर नंबर, सीटीएस नंबर, पाणी सोडणाऱ्या माणसाचा, नळदुरुस्तीवाल्याचा आणि कौले शाकारणाऱ्यांचा फोन लिहिलेला आहे, आणि त्याखाली दर पावसाळ्यात अंगणातले पाणी कितव्या पायरीपर्यंत चढले ते तारखेसह नोंदवलेले आहे.