मांजराला आधी उडी मारू द्या
मुलांना प्रोग्रामिंग शिकवताना पहिल्याच दिवशी ‘व्हेरिएबल म्हणजे काय’ हे सांगत बसू नका. स्क्रॅच या, ठोकळे जोडून प्रोग्राम करायच्या साधनातल्या मांजराला उडी मारायला लावा. ‘वेग’ नावाचं व्हेरिएबल (बदलता आकडा साठवणारी जागा) करा, हिरवा झेंडा दाबला की ते १२. सतत पुन्हापुन्हा चालणाऱ्या ‘फॉरेव्हर’च्या आत दोनच ठोकळे: ‘वाय’ (मांजराची उंची) वेगाइतका बदला, मग वेग १ ने कमी करा. मांजर १२, ११, १० असं करत ७८ पर्यंत वर चढतं, वळतं, आणि खाली येताना थेट पडद्याच्या तळाशी बुडतं!

इथे उत्तर सांगायचा मोह आवरा. ‘जमीन आली की थांब’ हे मुलाच्याच तोंडून येऊ द्या. अट तपासणारा ‘इफ’ तेव्हा दाखवा. नंतर १ च्या जागी ०.५ घालायला सांगा. उडी १५० पर्यंत जाते, तरंगल्यासारखी.