पावसाचं पाणी मुरवण्याच्या शहरी कामाला अनुदान: अर्ज कसा बांधायचा

शहरात पावसाचं पाणी जमिनीत मुरवण्याचं काम अनुदानातून करायचं असेल, तर जाहिरात आल्यावर तयारीला लागणं म्हणजे उशीरच झाला. असे प्रस्ताव मी लिहिते आणि इतरांचे तपासतेही. तपासताना एक गोष्ट लगेच कळते: कुणी जागेवर खड्डा खणून पाहिलाय आणि कुणी मातीच्या नकाशावरून आकडा उचललाय. दुसऱ्या प्रकारचा अर्ज कितीही देखणा असो, पहिल्याच शंकेला कोलमडतो. म्हणून सुरुवात मातीपासून.

खड्डा खणून बघा

शोषटाकी म्हणजे पाणी मुरवायला खडीने भरलेला खड्डा, शोषचर म्हणजे तसाच लांबट चर. त्याचा तळ जिथे येणार, त्याच खोलीपर्यंत खणा. वरच्या थरात चाचणी घेऊन उपयोग नाही. शहरात तो बहुतेकदा कुठून तरी आणून टाकलेला भरावच असतो. जेसीबीने खणलं असेल तर खड्ड्याच्या बाजू हात लावून बघा. ओल्या चिकणमातीवरून बकेट फिरली की भिंत लिंपल्यासारखी तुळतुळीत होते आणि पाणी आत शिरतच नाही. ती खुरप्याने खरवडा, सुटलेली माती उचला, तळाला थोडी खडी पसरा म्हणजे पाणी ओतताना गाळ ढवळणार नाही.

मग खड्डा भरा, पण लगेच मोजायला बसू नका. कोरडी माती सुरुवातीला अधाशासारखी पाणी पिते, आणि नेमका तोच आकडा अर्जांत सर्रास दिसतो. ब्रिटनमधल्या प्रचलित पद्धतीत एकच खड्डा लागोपाठ तीनदा भरतात आणि तिन्हींतला सर्वांत कमी वेग हिशोबाला धरतात. तुमच्याकडे तसा नियम नसला तरी असंच करा. वाळूत पाणी ताशी कित्येक सेंटिमीटर उतरतं, घट्ट चिकणमातीत ताशी १ मिलिमीटरही उतरत नाही. या दोन टोकांमध्ये तुमची जागा कुठे बसते, यावर सगळा प्रकल्प उभा आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच मार्गदर्शिका ताशी साधारण १३ मिमीपेक्षा कमी वेग असेल तर निव्वळ मुरवण्यावर विसंबू नका, खालून निचरा नळी द्या, असं सांगतात.

भूजलाची पातळीही आत्ताच बघून घ्या, आणि ती पावसाळ्याच्या शेवटी, पाणी सर्वांत वर असताना. तळ आणि त्या पातळीमध्ये निदान १ मीटर कोरडी माती हवी. जुना पेट्रोल पंप, रसायनांचं गोदाम किंवा कचरा टाकलेली जागा असेल तर तिथे पाणी मुरवणं म्हणजे घाण थेट भूजलात ढकलणं. इमारतीच्या पायापासूनही लांब राहा. ब्रिटनमध्ये हे अंतर ५ मीटर धरतात. अशा कारणांनी एखादी जागा तुम्ही वगळली असेल, तर ते अर्जात लिहा. वगळलेल्या जागांचा तो छोटा तक्ता तपासणाऱ्याचा विश्वास जेवढा कमावतो, तेवढा रंगीत संकल्पचित्रांचा गठ्ठा कमावत नाही.

एका पानाचा हिशोब

१ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. यापुढचं सगळं याच्यावरच चालतं. समजा २,००० चौरस मीटरचा वाहनतळ आहे आणि २५ मिमी पावसाचं पाणी मुरवायचंय. डांबरावरून ९० टक्के पाणी वाहून येईल असं धरलं तर ४५ घनमीटर. खडीत पोकळी साधारण ४० टक्के, म्हणजे खडीचा थर सुमारे ११३ घनमीटर. १ मीटर जाडीचा केला तर ११३ चौरस मीटर जागा लागेल.

आता टाकी रिकामी कधी होईल? चाचणीत ताशी ३० मिमी मिळाले असतील तर निम्मे धरा, १५. गाळाने वेग पुढे घटणारच आहे. १ मीटर खडीत पोकळी ४० टक्के, म्हणून टाकीतलं पाणी ४०० मिमी उंचीचं, म्हणजे २७ तासांच्या आसपास. दोन दिवसांच्या आत झालं, ठीक. हाच हिशोब ताशी ५ मिमीने केला की ८० तास येतात, आणि तोवर पुढचा पाऊस दारात उभा असतो. चाचणीत मिळालेला वेग आणि हिशोबाला धरलेला वेग, हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी द्या. संकल्पनात थोडी सूट धरली आहे हे सांगायला त्याहून जास्त शब्द लागत नाहीत.

पैसा कशासाठी आहे ते वाचा

तोच शोषखड्डा पूर कमी करतो, भूजल वाढवतो आणि नदीत जाणारी घाण अडवतो. अनुदान मात्र बहुतेकदा यांतल्या एकाच कारणासाठी असतं. प्रदूषणाच्या निधीकडे 'रस्त्यावर पाणी तुंबतं' हे मुख्य कारण घेऊन जाऊ नका. तिथे गाळ, तेल आणि जड धातू किती अडतील ते आधी लिहा, तुंबणं नंतर.

अपात्रतेची कलमं तर शब्दन् शब्द वाचा. अमेरिकेच्या स्वच्छ जल कायद्यातल्या कलम ३१९ चं अनुदान पसरट प्रदूषण (एका नळातून नव्हे, तर पावसाबरोबर सगळीकडून वाहून येणारी घाण) रोखायला मिळतं, पण शहराला पावसाळी गटारांच्या परवान्यानुसार जे करणं बंधनकारकच आहे, त्यासाठी ते वापरता येत नाही. सक्तीच्या कामाला बक्षीस नको, असा त्यामागचा विचार. चीनने २०१५ मध्ये 'स्पंज शहरां'साठी, म्हणजे पावसाचं पाणी शोषून घेणाऱ्या शहरांसाठी, पहिल्या फेरीत १६ शहरं निवडली, तेव्हा केंद्राचा पैसा ३ वर्षांपुरता होता आणि खर्चाचा बराच भाग शहरांना उभा करावा लागला. तुमच्या वाट्याचा हिस्सा कुठून येणार, या प्रश्नाला पळवाट कुठेच नाही. ठरावाची प्रत जोडा. 'मंजुरी अपेक्षित' लिहिलेलं पान न जोडलेलं बरं.

अंदाजपत्रक आणि देखभाल

खडी, जिओटेक्स्टाइल (खडीत माती शिरू नये म्हणून घालायचं कापड), खोदाई हे सगळेच लिहितात. राहून जातं ते वेगळंच: खोदताना आडव्या आलेल्या जलवाहिन्या आणि केबल हलवणं, निघालेली माती वाहून नेणं, गाळ पकडायची आधीची कुंडी. ही कुंडी खर्चातून कापायचा मोह प्रत्येक बैठकीत होतो. ती गेली की रस्त्यावरचा गाळ थेट खडीत बसतो आणि खडी उपसून धुण्यावाचून गत्यंतर राहत नाही. बऱ्याच योजना आधी खर्च करा, मग परत देऊ, या पद्धतीच्या असतात. मधले महिने ठेकेदाराची बिलं कुठून भागवणार, हे लेखा विभागाकडून आधीच लेखी घ्या.

देखभालीला अनुदान सहसा मिळत नाही, तरी गुण मात्र तिथेच जातात. 'संबंधित विभाग देखभाल करेल' हे वाक्य मी वाचते आणि पुढे सरकते, कारण संबंधित विभाग नावाचं ऑफिस कुठेच नसतं. पद लिहा, कोणत्या अर्थशीर्षातून (अंदाजपत्रकातल्या खात्यातून) खर्च पडेल ते लिहा, कुंडी पावसाआधी आणि पावसात केव्हा केव्हा उपसायची ते लिहा. जागा दुसऱ्याच्या मालकीची असेल तर आत जायच्या हक्काचा करार हवा. नाहीतर कुलूप लावलेल्या फाटकाबाहेर कर्मचारी उभे.

वेळापत्रकात एक ओळ हमखास घाला: आजूबाजूचं बांधकाम संपून माती स्थिरावल्याशिवाय शोषटाकीत पाणी सोडायचं नाही, आणि तिच्या जागेवरून ट्रक न्यायचे नाहीत. बांधकामाच्या गाळाने नवी टाकी उद्घाटनाआधीच चोंदू शकते, आणि दाबलेली माती पुन्हा मोकळी करणं अवघड.

मंजुरीनंतर

मंजुरीचं पत्र आलं म्हणून कार्यादेश देऊ नका. करारावर सह्या होण्याआधी केलेला खर्च बहुतेक ठिकाणी धरत नाहीत. करार वाचताना अहवाल किती वर्षं द्यायचे आणि मोजणी कोणती मागितली आहे, यावर खूण करा. खडी भरताना तिच्यात तळापर्यंत एक छिद्रांचा उभा पाइप बसवून घ्या, वर झाकण. पाऊस थांबला की त्यात पट्टी सोडून पाणी किती तासांत किती उतरलं ते नोंदवहीत लिहायचं. उपयोगिता प्रमाणपत्रासोबत (पैसा ठरल्या कामालाच खर्च झाल्याचा दाखला) त्या पानांच्या प्रती जोडा, आणि पुढच्या टप्प्याच्या अर्जात चाचणीच्या आकड्याशेजारी हाच आकडा ठेवा.